आधी पावलं, मग मोबाइल

उंदराला पळायला आवडतं. पिंजऱ्यात चाक असलं की तो त्यात कितीही वेळ धावतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९६२ मध्ये या आवडीवरच प्रयोग केला. तहानलेल्या उंदराला पळाल्याशिवाय पाणी मिळेना, तेव्हा तो पळाला. यात नवल नाही. मग त्यांनी अट उलटवली. पाणी हवं तेवढं, पण चाकाला ब्रेक. नळीतून पाणी प्यायलं तरच ब्रेक सुटणार. आणि तहान नसलेला उंदीर नुसतं पळायला मिळावं म्हणून पाणी पिऊ लागला!

जे आपण आपणहून भरपूर करतो, ते एखाद्या टाळल्या जाणाऱ्या कामाच्या मागे ठेवलं की ते काम होऊ लागतं. 'आधी अभ्यास, मग खेळ' हे घरोघरी ऐकू येतं, ते याच तत्त्वावर चालतं. मोबाइलच्या बाबतीत मात्र आपण क्रम चुकवतो. दमून घरी आलो की 'पाच मिनिटं बघतो, मग चालायला जातो' म्हणतो. बक्षीस आधीच हातात पडलं, आता चालायला उठणार कोण? त्यात रील्सना शेवट नसतो, आणि पुढची कशी निघेल याचा नेम नाही. असं बेभरवशाचं बक्षीस सवय फार चिवट करतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं.

म्हणून कुलूप पावलांचं हवं. ठरलेली पावलं होईपर्यंत निवडलेली अॅप बंद ठेवणारी अॅप आता मिळतात. बेताच्या झपाट्याने चाललं तर मिनिटाला साधारण १०० पावलं पडतात, म्हणजे हजार पावलांना दहा मिनिटं. हजार पावलांना दहा मिनिटं रील्स, हा दर मला रास्त वाटतो. फोन, नकाशे, बँक, घरच्यांचे मेसेज यांना कुलूप लावू नये. अडचण झाली की माणूस सगळंच काढून टाकतो. आणि हो, बसल्या जागी फोन हलवूनही पावलं वाढतात, कारण आतला सेन्सर फक्त हालचाल ओळखतो. मुलांना हे लगेच कळतं.

दहा हजारांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधक आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७,००० महिलांचा अभ्यास मांडला. दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमधला मृत्युदर २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी होता, आणि ७,५०० नंतर फायदा फारसा वाढला नाही.

चालण्याने ओढही थोडी सैल होते. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठात नेहमी चॉकलेट खाणाऱ्यांना १५ मिनिटं भरभर चालवलं, तेव्हा त्यांची चॉकलेटची हाव कमी झाली. मोबाइल म्हणजे चॉकलेट नव्हे, पण चालून आल्यावर फोनकडे जाणारा हात जरा रेंगाळतो, हे करून पाहण्यासारखं आहे.

धोका खंड पडण्याचा. अमेरिकेत सवयींचा अभ्यास करणाऱ्या कॅथरीन मिल्कमन यांनी काही जणांना आवडती ऑडिओबुक्स फक्त जिममध्येच ऐकू दिली. सुरुवातीला त्यांच्या जिमच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त झाल्या, पण नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीनंतर परिणाम ओसरला. आपल्याकडे गणपती-दिवाळीत हेच होणार. गावाहून परतल्या दिवशीच कुलूप पुन्हा लावा, आणि पहिला आठवडा हजाराऐवजी पाचशे पावलांचा दर ठेवा.