संग्रहालयासाठी किशोरांचे मंडळ: पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

मिनियापोलिस येथील वॉकर आर्ट सेंटरने 1996 मध्ये किशोरांची कला परिषद स्थापन केली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात 2019 मध्ये बाल संग्रहालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रदर्शनासाठी वस्तूंची निवड मुलांनीच केली. आपल्या गावातील वा शहरातील संग्रहालयासाठी 14 ते 18 वर्षे वयोगटातील मुलामुलींचे असे मंडळ उभे करायचे असेल, तर प्रथम एक गोष्ट ठरवावी लागते: मंडळ अस्तित्वात असलेल्या संग्रहालयाच्या अंतर्गत चालणार, की स्वतंत्र नोंदणीकृत संस्था म्हणून?

पहिला मार्ग सोपा आहे, कारण त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. संग्रहालयाच्या अभिरक्षकांना किंवा संचालकांना उद्देश, सदस्यसंख्या, बैठकांचे दिवस आणि जबाबदार प्रौढ व्यक्तीचे नाव नमूद करणारा लेखी अर्ज द्यावा. त्यासोबत प्रत्येक सदस्याचा वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र), आई, वडील किंवा पालकाचे स्वाक्षरीचे संमतीपत्र आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक जोडावा. बैठका शाळेच्या वेळेत असतील, तर मुख्याध्यापकांचे पत्रही घ्यावे. छायाचित्रे काढण्याची व प्रसिद्ध करण्याची संमती वेगळ्या कागदावर घेणे इष्ट, कारण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रौढांना ‘पोक्सो’ (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) अधिनियम, 2012 मधील कलम 19 ची, म्हणजे गुन्ह्याची माहिती किंवा शंका असल्यास ती पोलिसांना कळवण्याच्या बंधनाची, लेखी कल्पना द्यावी. ही औपचारिकता समजून टाळू नये.

दुसऱ्या मार्गात संस्था नोंदणी अधिनियम, 1860 लागू होतो. या कायद्याच्या कलम 20 मध्ये सार्वजनिक संग्रहालये आणि चित्रदालने यांचा उद्देश म्हणून स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे विधानपत्रात (संस्थेचे नाव व उद्देश सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात) ‘सांस्कृतिक कार्य’ असे मोघम न लिहिता संग्रहालयाचा उद्देश नेमक्या शब्दांत लिहावा. पुढे उद्देश बदलायचा झाल्यास दोन सभा आणि तीन-पंचमांश सदस्यांची संमती लागते. नोंदणीसाठी किमान 7 व्यक्ती हव्यात. अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास सक्षम नसल्याने (भारतीय करार अधिनियम, 1872, कलम 11) संस्थापक आणि कार्यकारी मंडळ 18 वर्षे पूर्ण केलेल्यांचेच ठेवावे.

येथेच बहुतेक ठिकाणी मुले मागे सारली जातात, आणि ते अगदी अनावश्यक आहे. कायदा मुलांची सही नाकारतो. त्यांचे मत ऐकण्यास किंवा त्यांच्याकडे निर्णय सोपवण्यास तो मनाई करत नाही. म्हणून नियमावलीतच ‘किशोर परिषद’ असे कलम घालावे: परिषदेची निवड कशी होईल, वर्षातील किती प्रदर्शनांचा विषय ती ठरवेल, तिचे ठराव कार्यकारी मंडळाने किती दिवसांत विचारात घ्यावेत आणि फेटाळल्यास लेखी कारणे द्यावीत, हे सर्व त्यात असावे. परिषदेचे इतिवृत्त मुलांनी स्वतःच्या हस्ताक्षरात ठेवावे. तोंडी दिलेला अधिकार पदाधिकारी बदलताच विरतो, हे अनेक मंडळांत दिसते.

अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या विभागीय किंवा जिल्हा कार्यालयातील सहायक संस्था निबंधकांकडे करावा. त्यासोबत विधानपत्र, कार्यकारी मंडळाच्या किमान 3 सदस्यांनी प्रमाणित केलेली नियमावली, सदस्यांची नावे, पत्ते व व्यवसाय यांची यादी, संमतीपत्र, अधिकारपत्र, ओळखपत्रांच्या प्रती आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचे ना हरकत पत्र जोडावे. त्यानंतर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खालील न्यास नोंदणीचा अर्ज 3 महिन्यांच्या आत द्यावा.

मुले गावोगावी फिरून जुन्या वस्तू गोळा करणार असतील, तर आणखी दोन कायदे त्यांना आधीच समजावून सांगावेत. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू (हस्तलिखितांसाठी 75 वर्षे) पुरावशेष ठरू शकतात आणि अधिसूचित प्रकारांतील शिल्पे, चित्रे वा सचित्र हस्तलिखिते ज्याच्या ताब्यात असतील, त्याला छायाचित्रांसह नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून अधिक किमतीची असल्यास 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते. नाणे सापडले म्हणून ते थेट मंडळाच्या काचपेटीत ठेवता येत नाही.

परिषदेतील मुलगा किंवा मुलगी 18 वर्षांची झाल्यावर तिने सदस्यत्वाचा साधा अर्ज व वर्गणी देऊन संस्थेत यावे, आणि ती कार्यकारी मंडळावर निवडून आल्यास त्या बदलाचा अर्ज 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा.