घरच्या मायनिंग फार्मची देखरेख : ओपन सोर्स साधने कुठून आली?

बिटकॉइन या डिजिटल चलनाचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला, तेव्हा देखरेखीचा प्रश्नच नव्हता. घरच्या संगणकावर मूळ सॉफ्टवेअर चालू ठेवले की प्रोसेसर हिशेबाला लागे. हिशेब करून असे नवे ब्लॉक तयार करायचे आणि त्याबदल्यात नाणी मिळवायची, हेच मायनिंग. २०१० मध्ये हेच काम ग्राफिक्स कार्डांवर गेले आणि चित्र बदलले. एका खोलीत चार-पाच कार्डे रात्रंदिवस पूर्ण ताकदीने चालू लागली, की कोणते तापले, कोणाचा पंखा अडकला, कोणते गोठून बसले, हे पाहायला कोणीतरी हवे. त्याच वर्षअखेरीस झेक प्रोग्रॅमर मारेक पालातिनुस यांचा पहिला मायनिंग पूल, म्हणजे अनेकांनी एकत्र मायनिंग करून कमाई वाटून घेण्याची सोय, सुरू झाला आणि पूलशी संपर्क टिकवण्याची काळजीही त्यात भरीस पडली.

हे ओझे प्रथम नीट उचलले ते कॉन कोलिव्हास यांनी. ऑस्ट्रेलियातले हे गृहस्थ पेशाने भूलतज्ज्ञ, पण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावरच्या (कर्नल) कामामुळे प्रोग्रॅमरांना आधीपासून परिचित. जेफ गार्झिक यांचा सीपीयूमायनर हा मायनिंगचा कार्यक्रम ओपन सोर्स, म्हणजे कोड कोणालाही पाहता आणि वापरता येईल असा खुला होता. त्याच्याच पायावर २०११ मध्ये कोलिव्हास यांनी सीजीमायनर हा कार्यक्रम उभारला. कार्ड ७५ अंशांच्या आसपास राहावे म्हणून पंखा आपोआप कमी-जास्त करायचा, ९५ अंशांना कार्ड थेट बंद करायचे, एक पूल पडला तर दुसऱ्याकडे वळायचे, ही सोय त्यात होती.

मला स्वतःला सीजीमायनरची सर्वांत मोठी देणगी वाटते ती त्याचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या कार्यक्रमांना त्याच्याशी बोलता यावे अशी सोय. नेटवर्कवरच्या ४०२८ क्रमांकाच्या पोर्टवर 'समरी', 'डेव्ज', 'पूल्स' असे साधे शब्द पाठवले, की हॅशरेट (हिशेबाचा वेग), तापमान, नाकारलेले शेअर (पूलने न स्वीकारलेली उत्तरे) असा सगळा तपशील परत येतो. नुसते वाचणे आणि बदल करणे यांचे अधिकारही वेगळे ठेवलेले. त्यामुळे देखरेखीचा कार्यक्रम मायनरपासून वेगळा लिहिता येऊ लागला. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणाऱ्या मिनेरासारख्या वेब पॅनेलांना वाट मिळाली ती इथूनच. ल्यूक डॅशज्युनियर यांचा बीएफजीमायनरही याच कोडची शाखा.

२०१३ च्या सुरुवातीला खास मायनिंगसाठी घडवलेल्या एसिक चिपांची यंत्रे बाजारात आली आणि वर्षअखेरीस सीजीमायनरने ग्राफिक्स कार्डांचा पाठिंबा काढून टाकला. यंत्राच्या आत आता निर्मात्याचे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर, असे. मालकाला दिसायचे ते कंपनीने दाखवलेले पान.

यातला धोका एप्रिल २०१७ मध्ये उघड झाला. बिटमेन या मायनिंग यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या अँटमायनर यंत्रांतला एक कोड १ ते ११ मिनिटांच्या अंतराने कंपनीच्या सर्व्हरला यंत्राचा सिरियल नंबर आणि नेटवर्कवरची ओळख (मॅक आणि आयपी पत्ता) कळवत होता, आणि तिकडून नकार आला तर मायनिंग थांबवू शकत होता. सर्व्हरची ओळख पटवण्याची सोयही त्यात नव्हती, म्हणजे तिसऱ्या कोणीही त्याचा गैरफायदा घेतला असता. या त्रुटीला 'अँटब्लीड' नाव पडले. ग्राहकांना आपले यंत्र दुरून बंद करता यावे म्हणून हे अर्धवट राहिलेले काम होते, असा खुलासा कंपनीने केला आणि सुधारित फर्मवेअर दिले. पण ही गोष्ट पकडता आली ती कोड गिटहब या संकेतस्थळावर खुला होता म्हणूनच. बंद फर्मवेअरमध्ये ती किती काळ दडून राहिली असती, याचा विचार प्रत्येक यंत्रमालकाने करावा असे मला मनापासून वाटते. पुढच्याच वर्षी प्रागच्या ब्रेन्स कंपनीने एसिक यंत्रांसाठी ओपन सोर्स फर्मवेअर आणले.

इथेरियम या दुसऱ्या डिजिटल चलनाच्या बाजूला ईथमायनर खुला होता, तरी अनेकांनी जास्त वेगासाठी कमाईतून स्वतःचा हिस्सा कापून घेणारे बंद मायनर पसंत केले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगच सोडले आणि तो अध्याय संपला.

आज घरातली वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच ठिकाणी पाहायची तर पायॲसिक ही पायथन भाषेतली तयार कोडची लायब्ररी आहे. तिच्या आधाराने होम असिस्टंट या घरातली उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मायनर जोडता येतो. थंड देशांतले लोक त्याच्या उष्णतेवर खोली तापवतात आणि तापमान पाहून यंत्र कमी-जास्त चालवतात. बिटॲक्स तर त्याही पुढे गेले. एका चिपचा हा छोटा मायनर. त्याच्या सर्किटचा आराखडा आणि फर्मवेअर दोन्ही खुले, देखरेखीचे पान यंत्रातच. चिप मात्र अजूनही बिटमेनचीच, आणि तिच्याशी बोलायचे कसे हे बिटॲक्स घडवणाऱ्यांना स्वतः उलगडून काढावे लागले.