एड्स मेणबत्ती स्मरणसभा

एड्समुळे मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ संध्याकाळी पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन होणारी सार्वजनिक सभा किंवा पदयात्रा. मृतांच्या नावांचे प्रकट वाचन हे तिचे मुख्य अंग. आंतरराष्ट्रीय पातळीवर ती मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी होते. मात्र अनेक ठिकाणी १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनालाही (१९८८ पासून) याच स्वरूपाचा कार्यक्रम होतो.

उगम : या प्रथेचा आरंभ सामान्यतः २ मे १९८३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निघालेल्या मोर्चापासून धरतात. सुमारे त्याच वेळी न्यूयॉर्कसह अमेरिकेतील इतर काही शहरांतही मेणबत्ती सभा झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोचा मोर्चा कॅस्ट्रो या समलिंगी वस्तीतून निघाला आणि त्याच्या अग्रभागी स्वतः एड्सग्रस्त होते. त्यांच्या फलकावर ‘फायटिंग फॉर अवर लाइव्ह्ज’ (आम्ही आमच्या जिवासाठी लढतो आहोत) एवढेच शब्द होते. आयोजकांपैकी बॉबी कॅम्पबेल हे व्यवसायाने परिचारक. त्यांना कापोसी सार्कोमा हा त्वचेचा कर्करोग झाला होता आणि १९८१ च्या अखेरीस त्यांनी तो जाहीरपणे सांगितला होता. आपल्या पायांवरच्या जांभळ्या चट्ट्यांची छायाचित्रे त्यांनी कॅस्ट्रोतल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी आपल्या अंगावर असे डाग आहेत का ते पाहावे, हा हेतू. १५ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

काही लेखक या प्रथेचे मूळ आणखी मागे, २७ नोव्हेंबर १९७८ च्या रात्रीपर्यंत नेतात. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाचे सदस्य व समलिंगी समाजाचे नेते हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली आणि हजारो लोक मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोहून नगरभवनापर्यंत चालत गेले. पुढे त्या तारखेला दरवर्षी मोर्चा निघू लागला. वाट, मेणबत्ती आणि सहभागी समाज तोच असल्याने हे मत अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९८३ चे आयोजक याच वस्तीत वावरणारे होते. पण बाह्य रूप उसने घेतले म्हणजे आशयही तोच, असे होत नाही. १९७८ चा मोर्चा मृतांसाठी होता. १९८३ चा मुख्यतः जिवंत माणसांनी स्वतःसाठी काढलेला होता. रोगाचे कारण तेव्हा निश्चित झालेले नव्हते; पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी विषाणूविषयीचा पहिला निबंध त्याच महिन्यात, २० मे रोजी प्रसिद्ध केला. संघराज्य सरकारने संशोधनाला पैसा द्यावा ही मोर्चाची मागणी होती. महिन्याभरात डेन्व्हर येथील परिषदेत याच मंडळींनी तोच फलक व्यासपीठावर नेला आणि एड्सग्रस्तांच्या हक्कांचा जाहीरनामा मांडला. त्यात सन्मानाने मरण्याच्या हक्काबरोबरच सन्मानाने जगण्याचाही हक्क सांगितला आहे. हे सर्व पाहता १९८३ हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मात्र ती त्या वेळी ‘स्मरणसभा’ होती, असे म्हणणे थोडे धाडसाचे होईल.

स्मरणाचे अंग बळावले ते बहुधा १९८५ पासून. त्या वर्षीच्या मिल्क स्मृतिमोर्चाची तयारी करताना समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांना शहरातील एड्सबळींची संख्या १,००० च्या पुढे गेल्याचे कळले. त्यांनी मोर्चात येणाऱ्यांना आपल्या गेलेल्या माणसांची नावे पुठ्ठ्यांवर लिहायला सांगितली. शिड्या लावून ते पुठ्ठे संघराज्य सरकारच्या कचेरीच्या भिंतीवर चिकटवले, तेव्हा भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी दिसू लागली. त्यातूनच एड्स स्मृती गोधडीची कल्पना निघाली. तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट × ६ फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे अशा १,९२० तुकड्यांची गोधडी प्रथम अंथरली गेली आणि त्यांवरची नावे मोठ्याने वाचण्यात आली.

स्वरूप : मेणबत्तीला कागदी चकती किंवा पेला लावतात, त्यामुळे मेण हातावर ओघळत नाही आणि वाऱ्यापासून ज्योत वाचते. नावांच्या याद्या वाचकांमध्ये वाटून देतात. यादी संपल्यावर वाचणाऱ्याने आपल्या घरच्या एखाद्याचे नाव जोडणे हा जवळपास संकेतच झाला आहे. नंतर पुष्कळदा ध्वनिक्षेपक उपस्थितांसाठी खुला ठेवतात. काही जण केवळ पहिले नाव उच्चारतात, कारण घरच्यांनी मृत्यूचे कारण लपवलेले असते. सुरुवातीच्या वर्षांत वृत्तपत्रांतील मृत्युवार्तांत एड्सचा उल्लेख टाळला जाई आणि अंत्यविधी करणाऱ्या काही व्यावसायिकांनी देह स्वीकारायलाच नकार दिला होता. प्रकट नामवाचनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते.

मतभेद : १९८७ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या ‘ॲक्ट अप’ या एड्सविषयक आंदोलक संघटनेच्या अनेक कार्यकर्त्यांना हा शोक निष्क्रिय वाटे. समीक्षक डग्लस क्रिम्प यांनी १९८९ मध्ये शोक आणि लढा या दोहोंची गरज मांडली. हे मत आता बहुमान्य दिसते. ऑक्टोबर १९९२ मध्ये आंदोलकांनी आपल्या आप्तांच्या अस्थी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उधळल्या. त्या कृतीत दोन्ही प्रवाह एकत्र आले, असे म्हणता येईल.

नंतरचा काळ : १९९६ पासून बहुऔषधी उपचार रूढ झाले आणि अमेरिकेतील मृत्यू झपाट्याने घटले. आठवड्यामागून आठवडे एड्सच्या मृत्युवार्ता छापणाऱ्या ‘बे एरिया रिपोर्टर’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या साप्ताहिकाने १३ ऑगस्ट १९९८ च्या अंकात या वेळी एकही मृत्युवार्ता नसल्याची बातमी पहिल्या पानावर ठळकपणे दिली. जगभरात मात्र मृत्यूंचे प्रमाण २००४ च्या सुमारास शिखरावर होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार एकूण मृतांची संख्या ४ कोटींहून अधिक आहे.

वार्षिक कार्यक्रमाचे संयोजन प्रथम सॅन फ्रान्सिस्कोतील ‘मोबिलायझेशन अगेन्स्ट एड्स’, पुढे ‘ग्लोबल हेल्थ कौन्सिल’ आणि त्यानंतर एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे जागतिक जाळे (जीएनपी+) यांच्याकडे आले. रशिया व युक्रेनमध्ये मे महिन्यातील तिसरा रविवार हा एड्सबळींचा स्मृतिदिन म्हणून पाळतात.