टोपण काचेचं असेल तर : गोव्यातल्या टोपणनावांची पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातली ओळखीची एक मुलगी आहे. पहिली कादंबरी तिनं सोळाव्या वर्षी लिहिली, शाळेच्या उरलेल्या वह्यांत, निळ्या शाईत. आज ती तेवीस वर्षांची आहे आणि दोन नावांनी लिहिते. एका नावानं मोबाईलवर प्रेमकथांचे भाग टाकते, दुसऱ्या नावानं देवचार-राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताखेतांच्या गोष्टी. दोन्हीपैकी एकही नाव तिचं नाही. का, असं विचारलं तर म्हणाली, "बाबांच्या दुकानात येणारी अर्धी गिऱ्हाइकं माझी वाचक आहेत. आणि त्यांतल्या चौघी माझ्या कथेत आहेत."

लवकर सुरुवात करायची आणि नाव झाकून लिहायचं, हे मोबाईलच्या जमान्यातलं फॅड आहे असं पुष्कळांना वाटतं. गोव्यात तरी तसं नाही. इथं कादंबरी आणि टोपणनाव यांची गाठ सव्वाशे वर्षांपूर्वीच पडली. मात्र नाव झाकण्याचं जे कारण आपल्याला पहिल्यांदा सुचतं, म्हणजे सरकारची भीती, ते या गोष्टीत फार थोडं आहे.

त्याआधीची रीत तर बरोबर उलटी होती. जुना कवी नाव लपवत नसे, कवितेतच गुंफत असे. बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबियांचं पद ऐकताना 'सोहिरा म्हणे' आलं की पद संपत आलं हे ऐकणाऱ्याला कळतं. केळशीच्या कृष्णदास शामानं १५२६ मध्ये 'कृष्णचरित्रकथा' लिहायला घेतली. आज पणजीच्या पाटो भागातल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पाटीवर त्याचंच नाव आहे. नाममुद्रा ही सही होती, मालकीची खूण होती. टोपणनाव आलं ते छापखान्याबरोबर. त्यातही छापखाना येऊन भागलं नाही. आशियातलं पहिलं मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यातच उतरलं, पण ते पाद्र्यांच्या कामाचं. पुढे गोव्यातलं छापणंच बंद पडलं आणि १८२१ मध्ये 'गॅझेटा द गोवा' निघेपर्यंत इथं वर्तमानपत्र नव्हतं. खाजगी वर्तमानपत्राला तर १८५९ उजाडलं, मडगावच्या 'उ उल्त्रामार'च्या रूपानं.

नावेलीचे डॉक्टर फ्रान्सिस्कु लुईस गोमिश यांची 'उश ब्राह्मानिश' ही पोर्तुगीज कादंबरी १८६६ ची. ती त्यांनी स्वतःच्या नावानं छापली. ते पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते, लिस्बनमध्ये वावरत होते. ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं रोज दारावरून जात नव्हती.

त्यांच्यानंतर तीस वर्षांनी आलेल्या लेखकाला ती सोय नव्हती. फ्रान्सिस्कु जुआंव द कॉश्त हा मडगावचा माणूस. त्याची 'जाकॉब इ दुल्सि' आधी 'उ उल्त्रामार'मध्ये क्रमशः आली, मग १८९६ मध्ये पुस्तक निघालं. लेखकाचं नाव छापलं होतं 'जिप'. एवढंच, तीन रोमन अक्षरं. त्याच काळात फ्रान्समध्ये साधारण असंच टोपणनाव घेऊन एक उमराव घराण्यातली बाई संवादांनी भरलेल्या विनोदी कादंबऱ्या लिहीत होती. जिपच्या कादंबरीचा जीवही संवादांतच आहे. विषय काय, तर एक लग्न. मोठ्या ख्रिस्ती घरांतली सोयरीक, हुंड्याची घासाघीस, पाहुण्यांच्या पंगतीतलं खाणंपिणं, आणि घरात कोंकणी बोलून बाहेर पोर्तुगीज पाजळणाऱ्या मंडळींची त्रेधा. आपल्याकडच्या जुन्या सामाजिक प्रहसनांशी हिचं गोत्र जुळतं, फरक इतकाच की तिथं शेंडीला हात घातला जायचा, इथं कॉलरला. वर्तमानपत्रात आठवड्यामागून आठवडा हे छापून येत असताना मडगावात काय झालं असेल याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

टोपण म्हणजे झाकण. पण जिपचं झाकण काचेचं होतं. मडगावसारख्या गावात अशी गोष्ट किती दिवस गुप्त राहणार? तरीही त्याचा उपयोग होताच. लेखकाचं नाव छापलेलं नसलं की ज्याची टिंगल झाली त्याला चर्चच्या पायरीवर लेखकाला नमस्कार करता येतो, आणि लेखकाला तो घेता येतो. 'मी तो नव्हेच' असं दोघांनाही म्हणता येतं. लहान गावात शेजार टिकवायला एवढी फट पुरते. मला तर वाटतं, गोव्यातल्या बहुतेक टोपणनावांचं काम हेच राहिलं आहे.

सरकारी भीतीचं काय? १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले आणि मराठी पत्रांना बहर आला. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचं 'भारत' १९१२ चं. सरकारशी भांडणाऱ्या या संपादकानं नाव झाकलं नाही. खटले आले ते उघड नावावर आले आणि त्यानं ते अंगावर घेतले. १९२६ मध्ये पोर्तुगालात लष्करी उठाव झाला, पुढे सालाझारची राजवट आली आणि छापण्याआधी मजकूर तपासून घेण्याची सक्ती झाली. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून सुटायची नाही, असं त्या पिढीतले लोक सांगत. अशा कारभारात टोपणनावाचा उपयोग तो काय? मजकूर छापखान्यात जाण्याआधीच साहेबाच्या टेबलावर, आणि जबाबदारी संपादकाच्या आणि छापखानेवाल्याच्या डोक्यावर. ज्याला खरोखर सरकारविरुद्ध लिहायचं होतं त्यानं नाव बदललं नाही, गाव बदललं. तो मुंबईला गेला.

मुंबईला गेलेल्यांतलाच एक डिचोलीत जन्मलेला वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६). त्याचं टोपणनाव हा वेगळाच प्रकार आहे. 'शणै गोंयबाब'. शणै म्हणजे गावात पोरांना धुळाक्षरं गिरवायला लावणारा पंतोजी; बाब हे गोव्यातलं आदराचं शेपूट. गोव्याचा मास्तर, असंच म्हणा ना. नाव घेतलं तेव्हाच आपण काय करणार हे त्यानं जाहीर केलं. कोंकणी ही बोली नव्हे, स्वतंत्र भाषा, हे पटवायला त्यानं आयुष्य घातलं, फ्रेंच नाटककार मोलिएरची नाटकं कोंकणीत आणली, 'गोमंतोपनिषत्' लिहिलं. मराठीवाल्यांना त्याचं म्हणणं तेव्हा पटलं नाही, आमच्यातल्या कित्येकांना आजही पटत नाही. पण वाद घालतानाही तोंडात येतं ते 'शणै गोंयबाब'च. वालावलीकर किती जणांना आठवतात? टोपणनावानं खरं नाव गिळून टाकल्याचं इतकं पुरं उदाहरण गोव्यात दुसरं नाही.

बाळकृष्ण भगवंत बोरकरांना मात्र नाव शोधावं लागलं नाही, लोकांनीच त्यांना 'बाकीबाब' केलं. जन्म १९१०, गाव बोरी, आणि पहिला कवितासंग्रह 'प्रतिभा' १९३० चा, म्हणजे विशीतच. कवी म्हणून ते इतके मोठे झाले की त्यांच्या कादंबऱ्या मागे पडल्या. 'मावळता चंद्र' आणि 'भावीण' आज फार कुणी मागत नाही. 'भावीण' तर वाचायलाच हवी, कारण देवळांशी बांधलेल्या बायकांबद्दल गोव्यातला माणूस स्वतःच्या नावानं लिहितो तेव्हा तो बाहेरच्यापेक्षा अधिक अडचणीत असतो. बोरकरांनी तिथं टोपणाचा आधार घेतला नाही.

लक्ष्मणराव सरदेसाईंची गंमत आणखी वेगळी. सावई-वेऱ्याचा हा कथाकार मराठीत मोठा झाला, मग कोंकणीतही लिहू लागला, पोर्तुगीज तर येतच होती. मराठी पुस्तकावर ते सरदेसाई, कोंकणी पुस्तकावर सरदेसाय. आडनावाचं शेवटचं अक्षर बदललं की वाचकाला कळतं, आज कुठल्या भाषेचं दार उघडलंय. याला टोपणनाव म्हणायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण दोन घरांत दोन नावांनी नांदायची सवय गोवेकराला परकी नाही. अर्ध्या गावाचं आडनाव नाईक असलं की घराघराला पाडलेलं नाव असतं, आणि पोस्टमनलाही तेच उपयोगी पडतं.

वेगळीच उडी मारली ती ब्रिटोणा गावच्या एका मुलीनं. तेरेजा द पियेदादि द बाप्तिश्त आल्मेदा, जन्म १९३२. कॅथलिक घर, लेखनाची भाषा पोर्तुगीज, आणि नाव घेतलं 'विमला देवी'. तरुणपणीच गोव्यातल्या पोर्तुगीज पत्रांतून ती कविता छापू लागली. पुढे लिस्बनला गेली आणि १९६२ मध्ये पहिला संग्रह काढला, त्याचं नाव 'सूर्या'. वर्षभरात 'मोंसांव' हा कथासंग्रह आला. मोंसांव म्हणजे पावसाळा. त्या कथांत भाटकार म्हणजे जमीनदार आहेत, त्यांच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार आहेत, हिंदू घरं आहेत, ख्रिस्ती घरं आहेत, आणि या सगळ्यांमधल्या न ओलांडायच्या रेषा आहेत. कथांमधल्या माणसांना जे जमत नाही ते लेखिकेनं मुखपृष्ठावरच करून टाकलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला होता, पोर्तुगीज वाचणारा वर्ग पांगत होता. अशा वेळी लिस्बनमध्ये बसून हिंदू नाव घेणं हे लपणं नव्हतं. मी कुठली, हे सांगणं होतं.

मुक्तीनंतर मराठी लिहिणाऱ्याला घरचा रस्ता सापडला. १९६२ मध्ये 'गोमंतक' निघालं, पाठोपाठ मडगावहून 'राष्ट्रमत'. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या धामधुमीत उदय भेंब्र्यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर विलिनीकरणाच्या विरोधात तुटून पडत होतं, तेही मराठी दैनिकातून, मराठीत. लोक सदराचं नाव घेऊन भांडत. पुढे नवशिक्यांची पहिली गोष्ट रविवारच्या पुरवणीत येऊ लागली, आणि पहिली कादंबरी लिहायला मुंबईची वाट धरावी लागेनाशी झाली. आता तर पुरवणीच्या संपादकाचीही गरज नाही. सोळाव्या वर्षी लिहिलेला भाग त्याच रात्री वाचकाच्या हातात असतो.

फोंड्याच्या त्या मुलीला मी जिपची गोष्ट सांगितली. तिला ती आवडली, पण तिची अडचण पुढची होती. ती आता कोंकणीतही लिहायला घेतेय आणि तिसरं नाव सुचत नाहीये. सरदेसाईंचा तोडगा सांगितला, तर म्हणाली, "त्यांचं बरं होतं. माझं आडनाव नाईक. शेवटचा 'क' काढून काय ठेवू?"