कमरेचा पट्टा: कसा बांधावा, कधी सोडावा आणि कधी दवाखाना गाठावा

उसण भरली, कंबर धरली, वाकता येईना झालं, की मलमाच्या पाठोपाठ घरात कमरेचा पट्टा येतो. मलम चुकीचं लावलं तरी सहसा फार बिघडत नाही. पट्ट्याचं तसं नाही. चुकीच्या जागी आवळलेला पट्टा स्वतःच नवं दुखणं देतो. त्याहून वाईट म्हणजे, पट्ट्याने जरा बरं वाटतंय म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं असं दुखणं घरातच बांधून ठेवलं जातं.

पट्टा मणके धरून ठेवतो, हा सर्वांत मोठा गैरसमज. कमरेत पाच मणके असतात, त्यांच्यामध्ये चकत्या म्हणजे आपण ज्यांना गादी म्हणतो त्या, आणि हे सगळं सांभाळणारे अस्थिबंध व खोलवरचे स्नायू. इलॅस्टिकचा पट्टा बसतो तो या सगळ्याच्या बाहेर, कातडी आणि चरबीच्या थरावर. दोन मणक्यांमधली बारीक हालचाल त्याने थांबत नाही. ‘सरकलेली गादी’ जागेवर बसवणं तर त्याच्या आवाक्यातच नाही. मुळात गादी सरकत नाही. तिच्या कडेला भेग पडून आतला मऊ भाग बाहेर येतो, आणि बऱ्याच जणांत तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप आक्रसतो.

तरी पट्टा बांधल्यावर बरं वाटतं, ते खोटं नसतं. धडाचं मोठं वाकणं आणि कुशीकडे झुकणं त्याने खरोखरच कमी होतं. ज्या हालचालीत कळ येते तिच्या टोकापर्यंत माणूस जातच नाही. कापडाचा ताण कातडीला जाणवत राहतो, त्यामुळे वाकण्याआधी शरीर सावध होतं. थोडी ऊब मिळते, आणि ‘आता उठलो तर चमक येईल’ ही भीती ओसरते. भीती ओसरली की आखडलेले स्नायूही सैल पडतात. पोटातला दाब वाढून कण्यावरचा भार हलका होतो, असंही सांगितलं जातं. पण प्रत्यक्ष मोजमापांत हा परिणाम खात्रीने आणि सारखा दिसलेला नाही.

निरोगी कंबर दुखूच नये म्हणून पट्टा बांधावा का, याची तपासणी चांगली झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं होतं, की निरोगी कामगारांना इजेपासून वाचवण्यासाठी पट्ट्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. पुढे याच संस्थेने १६० दुकानांमधल्या, माल उचलणाऱ्या नऊ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत कंबरदुखीच्या किंवा इजेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ओझं उचलणाऱ्यांसाठी यात एक इशाराही आहे. याच संस्थेच्या सूत्रानुसार अगदी आदर्श स्थितीत, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर आणि अंग न पिळता, उचलायच्या भाराची मर्यादा २३ किलो धरली जाते. हात लांबवले, जमिनीवरून उचललं, वळून ठेवलं की ती झपाट्याने घसरते. पट्टा बांधल्याने ती वर सरकत नाही. सरकते ती फक्त माणसाची हिंमत.

आधीच कंबरदुखी असलेल्यांचं चित्र थोडं वेगळं आहे. नेदरलँड्समध्ये घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या, पूर्वी कंबर दुखलेल्या ३६० जणांवर प्रयोग झाला आणि तो २००७ मध्ये छापला गेला. ज्यांना दुखेल त्या दिवशी पट्टा वापरायला दिला, त्यांचे वर्षभरातले दुखण्याचे दिवस सरासरी पन्नासने कमी झाले. आजारपणाच्या रजा मात्र तेवढ्याच राहिल्या. दुसरीकडे, उपचारांबाबत डॉक्टरांना शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं कंबरदुखीसाठी पट्टा देऊ नका असंच सांगतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारांत पट्ट्याच्या विरुद्ध मत दिलं. आमच्या मते या सगळ्याचा व्यवहारात अर्थ असा: पट्टा हा उपचार नव्हे. नव्या किंवा उलटलेल्या दुखण्यात चार कामं करता यावीत, चालता-फिरता यावं, एवढ्यासाठी तो वापरावा. तो बांधून कुणी पलंगावर पडून राहत असेल, तर त्याचा हेतूच हरवला.

बांधायची रीत

माप पँटच्या आकड्यावरून घेऊ नये. मोजपट्टीने, सैल उभं राहून, पोट आत न ओढता घ्यावं. कोणत्या पातळीवर मोजायचं, बेंबीवर की कुल्ल्याच्या हाडांवर, हे प्रत्येक उत्पादक वेगळं ठरवतो, म्हणून खोक्यावरचं चित्र बघावं. माप दोन आकारांच्या सीमेवर आलं तर मोठा घ्यावा.

रोजच्या वापराचा पट्टा साधारण २० ते २५ सेंटीमीटर रुंद असतो, आणि त्याच्या मागच्या भागात धातूच्या किंवा प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या असतात. बांधताना पाठीचा मध्य आधी साधावा. उभ्या पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर याव्यात, हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यांवर नव्हे. खालची कड मागे माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर टेकली पाहिजे आणि पुढे जांघेच्या घडीच्या वर राहिली पाहिजे. आत पातळ सुती बनियन असावं. उभ्याने बांधताना कळ येत असेल तर पट्टा अंथरुणावर पसरून त्यावर कुशीवरून वळत उताणं व्हावं. श्वास सोडून आधी मुख्य वेल्क्रो लावावा, मग बाजूचे जादा इलॅस्टिकचे पट्टे दोन्ही हातांनी सारखे ताणून पुढे चिकटवावेत. एक बाजू जास्त ओढली की पट्टा फिरतो आणि पाठीवर तिरका बसतो.

आता खुर्चीत बसून बघा. दोन बोटं आत सरकली पाहिजेत, खोल श्वास घेता आला पाहिजे, खालची कड मांडीत रुतता कामा नये आणि वरची बरगड्यांना टोचता कामा नये. उभं असताना छान बसलेला पट्टा बसल्यावर वर चढतो, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा तो मुळातच दोन बोटं वर बांधलेला असतो, किंवा धडाच्या उंचीच्या मानाने फार रुंद असतो.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा आला तर आधी पट्टा सैल करा. कुल्ल्याच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाणारी कातडीची नस घट्ट पट्ट्याने दाबली गेली की असं होतं. सायटिका, म्हणजे कमरेतली नस दुखावून पायात उतरणारी कळ, समजून लोक पट्टा आणखी आवळतात आणि त्रास वाढवतात. सायटिकाची कळ मात्र बहुधा कुल्ल्यातून मांडीच्या मागून, गुडघ्याच्या खाली, पोटरी किंवा पावलापर्यंत उतरते.

किती वेळ बांधावा? कामापुरता. दुखणं ताजं असताना सलग एक-दोन तास, मग सोडून थोडं चालावं. झोपताना काढावा. पहिल्या आठवड्यानंतर रोज थोडा वेळ कमी करत दोन-तीन आठवड्यांत सुटला पाहिजे. पट्ट्याने स्नायू लगेच कमजोर होतात असं जे ठासून सांगितलं जातं, त्याला काही आठवड्यांच्या वापरापुरता पक्का आधार मिळालेला नाही. खरा तोटा वेगळा आहे: पट्ट्याशिवाय आपली कंबर टिकणारच नाही, हा विश्वास बळावतो आणि माणूस हालचाल टाळू लागतो. सहा आठवड्यांनंतरही पट्टा सोडवत नसेल, तर तेच डॉक्टरांकडे जायला पुरेसं कारण आहे.

हर्निया, छातीत जळजळ आणि आंबट पाणी येणं, अनियंत्रित रक्तदाब, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, मधुमेहामुळे बोथट झालेली संवेदना यांपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय पट्टा बांधू नये. गरोदरपणासाठीचे पट्टे वेगळ्या घडणीचे, पोटाच्या खालून आधार देणारे असतात. साधा पट्टा तिथे चालत नाही. व्यायामशाळेतला सुमारे १० सेंटीमीटर रुंदीचा चामडी पट्टाही निराळा. तो एका जड उचलीपुरता, श्वास रोखून पोट त्यावर दाबण्यासाठी असतो, त्या क्षणी रक्तदाब बराच चढतो, आणि उचल संपली की तो सोडायचा असतो. आणि मणका मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर दिलेला कडक ब्रेस? वर सांगितलेले तासांचे हिशेब त्याला लागू नाहीत. तो सर्जन सांगतील तेवढाच आणि तसाच वापरायचा.

धुताना आतल्या पट्ट्या काढून घ्याव्यात, वेल्क्रो बंद करावा, गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवावा. उन्हाने आणि इस्त्रीने इलॅस्टिक मरतं. ताणून सोडल्यावर पट्टा मूळ लांबीवर परतत नसेल तर त्याचं काम संपलं.

दुखणं किती आहे, याने फसू नका

कंबरदुखीत दुखण्याची तीव्रता हा धोक्याचा मापदंड नाही. साध्या उसणीत माणूस अक्षरशः रांगतो आणि दोन आठवड्यांत बरा होतो. उलट, गंभीर बिघाडात कळ मामुली असू शकते. पाहायचं ते पायांची ताकद, लघवी-शौचावरचा ताबा, ताप आणि वजन.

सर्वांत घाईची स्थिती म्हणजे कॉडा इक्विना सिंड्रोम. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिथून खाली नसांचा जुडगा जातो आणि त्यातल्याच काही नसा मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रियं सांभाळतात. गादीतून बाहेर आलेला मोठा भाग या जुडग्यावर दाबला गेला तर शौचानंतर पुसताना स्पर्श नेहमीसारखा लागत नाही, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होतो, लघवी सुरू करायला वेळ लागतो, धार बारीक होते, किंवा मूत्राशय भरलेलं कळतच नाही. लघवी नकळत सुटणं ही पुढची पायरी आहे. तिथवर थांबायचं नाही. दोन्ही पायांत एकदम कळ उतरणं, लैंगिक संवेदना अचानक कमी होणं हीदेखील त्याच कुटुंबातली लक्षणं. अशा वेळी तातडीचा एमआरआय आणि बहुधा तातडीची शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. म्हणून रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभागच गाठायचा, ओळखीच्या डॉक्टरांची सकाळची वेळ नव्हे. काही वेदनाशामकांनीही बद्धकोष्ठ होतं आणि लघवी अडते, हे खरं. पण तो निवाडा घरी करू नये.

दुसरी गोष्ट पावलाची. टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. एका पायाच्या चवड्यावर पाच-सहा वेळा टाच उचलून पाहा, हवं तर भिंतीला हात टेकून. एक पाऊल वर उचललं जात नसेल, चप्पल घसटत असेल, किंवा एका बाजूला चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर नसेची ताकद घटते आहे. त्याच दिवशी दाखवा. इथे एक फसवी गोष्ट घडते: पायातली कळ अचानक थांबते, घरचे निश्चिंत होतात, आणि पाऊल मात्र लुळं पडत असतं. नस बरी झाली म्हणून शांत झाली की काम करेनाशी झाली म्हणून, हे ताकद पाहूनच कळतं.

कंबरदुखीबरोबर ताप, थंडी, रात्री घाम, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, कोणत्याही कुशीवर न शमणारी रात्रीची कळ असेल तर दोन-तीन दिवसांत तपासणी व्हायला हवी. कण्याचा क्षयरोग किंवा जंतुसंसर्ग असाच गुपचूप वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्क माणसांत किंवा बराच काळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत घसरून बसल्याएवढ्या धक्क्यानेही मणका चेपतो. तिथे पट्टा बांधण्याआधी एक्स-रे.

काही दुखणी कंबरेत जाणवतात, पण कंबरेची नसतात. बरगडीखालून जांघेकडे लाटांनी येणारी कळ मूतखड्याची असू शकते. सोबत ताप असेल तर तीही तातडीच. साठीपुढच्या माणसाला, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याला, अचानक पाठ-पोटात असह्य कळ आणि चक्कर आली तर पोटातली महाधमनी फुगून फाटली असण्याची शक्यता असते. तिथे एकेक मिनिट मोलाचं. एकाच बाजूला पट्ट्यासारखी जळजळ आणि दोन-तीन दिवसांत पुरळ, ही नागीण.

तरुणांत आणखी एक प्रकार वर्षानुवर्षं निसटतो. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा देणारी, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी तीन महिन्यांवर टिकली, तर सांध्यांच्या दाहाच्या तज्ज्ञांना दाखवावं. पट्टा इथे निव्वळ वेळ घालवतो.

डॉक्टरांकडे जाताना पट्टा सोबत न्यावा, आणि तपासणीपूर्वी काढावा. दुखणं कधी सुरू झालं, पायात कुठवर उतरतं, लघवीत काय बदल आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे लिहून ठेवावं. धोक्याचं लक्षण नसेल तर पहिल्याच भेटीत एमआरआय न सांगणं हे चांगल्या डॉक्टरचं लक्षण समजा: काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांमध्येही सुमारे ३० टक्क्यांच्या अहवालात गादी फुगलेली दिसते, आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८४ टक्क्यांवर जातं. पट्टा लिहून दिला तर तिथेच घालून दाखवायला सांगा, आणि रोज किती तास व कोणत्या तारखेपासून बंद, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.