संदेश कुठे आहे आणि प्रथिन कुठे आहे

रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या जेमतेम 1 मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीच्या भ्रूणाची छायाचित्रे पाहतात, तेव्हा एखादी पेशी उजळलेली दिसताच ‘इथे हे जनुक व्यक्त झाले’ असे लिहून मोकळे होतात. तो रंग संदेशक आरएनएचा (जनुकावरून उतरवलेल्या, प्रथिन बनवण्याच्या सूचनेच्या प्रतीचा; पुढे नुसता ‘संदेश’) आहे की प्रथिनाचा, हे मात्र आधी विचारायला हवे, कारण या भ्रूणात दोहोंचे नकाशे पुष्कळदा जुळत नाहीत.

जीएलपी-1 या ग्राही, म्हणजे शेजारच्या पेशीकडून येणारा इशारा पकडणाऱ्या, प्रथिनाचेच पाहा. त्याचा संदेश बीजांड तयार होतानाच आईने भरून ठेवलेला असतो आणि भ्रूण चार पेशींचा होईपर्यंत तो चारही पेशींत आढळतो. प्रथिन मात्र एबीए आणि एबीपी या पुढच्या दोनच पेशींत दिसते, ईएमएस आणि पी2 या मागच्या दोन पेशींत नाही. धूळवाफेला पेरलेले भात सगळ्या कुणग्यांत असते, पण रुजून वर येते ते ओल मिळेल तिथेच, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की मागच्या पेशींतले रुजणे मुद्दाम अडवलेले असते. संदेशाच्या शेपटाकडील, प्रथिनात न उतरणाऱ्या भागाला काही प्रथिने चिकटतात आणि तिथे त्याचे वाचन होऊ देत नाहीत. हा भाग बदलला, तर प्रथिन मागच्या पेशींतही तयार होऊ लागते.

संदेश शोधायला पूरक न्यूक्लिइक आम्लाचा शोधक वापरतात, प्रथिन शोधायला प्रतिपिंड, म्हणजे नेमके त्याच प्रथिनाला चिकटणारे प्रथिन. हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची पद्धत, जी मार्टिन चाल्फी यांनी 1994 मध्ये याच कृमीत वापरून दाखवली, ती मला अधिक जपून वाचावीशी वाटते: त्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला नुसता प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) जोडला असेल तर ती चमक जनुक चालू झाल्याचेच सांगते, शेपटाकडून होणारे नियंत्रण तिच्यात उतरत नाही, आणि ते प्रथिन टिकाऊ असल्याने जनुक बंद झाल्यावरही कन्यापेशींत दिसत राहते.

शिवाय एखाद्या पेशीत प्रथिन आहे म्हणजे ते तिथेच बनले, असेही नाही. पीआयई-1 हे प्रथिन पेशी विभागण्यापूर्वीच मागच्या टोकाकडे गोळा होते, आणि पुढच्या पेशीच्या वाट्याला आलेले उरलेसुरले नष्ट केले जाते. पी2 मध्ये ते नवे संदेश तयार होऊ देत नाही. त्यामुळे त्या पेशीचा सगळा कारभार आईने दिलेल्या संदेशांवरच चालतो.