शिराझ, काळे मिरे आणि नवतपा

तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ 'वाईन शॉप' अशी ठळक पाटी असते. आत व्हिस्की, रम आणि फ्रीजमधली बिअर. खरी वाईन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला लागून, धूळ खात उभी असते : पाच-सात बाटल्या, त्यातली लाल बहुधा शिराझ. ती एकाला इतकी आवडते की नागपूरला गेला की दोन घेऊनच परततो. दुसऱ्याला तोच पेला उकळलेल्या जांभळाच्या रसासारखा लागतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

शिराझ आणि सिराह हे एकच द्राक्ष. नावावरून ते इराणातल्या शिराझ शहरातून आलं अशी कथा फार वर्षं चालली. 1990च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने आणि फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या संशोधकांनी डीएनए तपासला आणि कथा संपली. आई मोंद्यूज ब्लांश, बाप द्युरेझा. दोन्ही आग्नेय फ्रान्सच्या जुन्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या जाती.

त्याचं माहेर फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्याचा उत्तरेकडचा भाग. तिथली एर्मिताज टेकडी सगळी मिळून साडेतीनशे एकरांच्या आत भरते, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्या गावाच्या शिवारापेक्षा लहान. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्याच बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या वाईनला रंग आणि अंग यावं म्हणून तिच्यात ही एर्मिताज मिसळत. 1832 मध्ये जेम्स बस्बी या माणसाने युरोपातून जमवलेल्या द्राक्षाच्या कलमकाड्या ऑस्ट्रेलियात पोचल्या, त्यात सिराहही होती. दक्षिण ऑस्ट्रेलियात मुळं खाणारी फायलोक्सेरा ही कीड शिरलीच नाही, त्यामुळे बरोसा खोऱ्यात 1840च्या दशकात लावलेल्या काही वेली आजही घड देतात. 1951 मध्ये पेनफोल्ड्स या तिथल्या वाईन कंपनीच्या मॅक्स शुबर्टने 'ग्रेंज' ही शिराझ प्रथम बनवली, तीही प्रयोग म्हणून.

इथून दोन चवी वेगळ्या झाल्या. ऱ्होनची सिराह साधारण 13 टक्के अल्कोहोलची. तिला काळे मिरे, ऑलिव्ह, धुरावलेलं मांस असा वास. बरोसाची शिराझ 14.5 ते 15 टक्के, मुरंब्यासारखी दाट, चॉकलेटच्या अंगाने जाणारी. 1990च्या दशकात रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने दुसऱ्या प्रकाराला भरभरून गुण दिले आणि भाव चढले. 2001 मध्ये 'यलो टेल' ही स्वस्त, गोडसर शिराझ अमेरिकेत धो-धो खपली. मग जाणकारांनी नाकं मुरडली. शिराझ म्हणजे जॅम, हे मत तेव्हापासून चिकटलं ते अजून पुरतं सुटलेलं नाही. आता जगभरचे बरेच उत्पादक हलकी, मिरेदार वाईन केली की लेबलवर मुद्दाम 'सिराह' छापतात. भारतात मात्र दोन्ही शैलींना सर्रास शिराझच म्हणतात, त्यामुळे नावावरून आपल्याकडे काहीच कळत नाही.

मतभेदाचं खरं मूळ मात्र नाकात आहे. मिऱ्याचा तो वास देणारा पदार्थ ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये जाहीर केला : रोटंडोन. काळ्या मिऱ्यातही तोच असतो. लाल वाईनच्या एका लिटरमध्ये 16 नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात साधारण 20 लाख लिटर पाणी मावतं. त्या सगळ्या पाण्याला हा वास लावायला एका मिऱ्याच्या वजनाहूनही कमी रोटंडोन पुरेल. पण त्याच चाचण्यांत पाचातल्या एकाला तो कितीही वाढवला तरी आलाच नाही. अशा माणसापुढे उत्तम सिराह ठेवली तरी त्याला नुसतं आंबट फळ कळणार. त्याला चव नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी फळाळ, गोडसर शिराझच बरी, आणि ती स्वस्तही पडते.

रोटंडोनला थंडावा लागतो. पिकताना घड 25 अंशांच्या वर तापत राहिला की ते कमी भरतं. नाशिककडे इथेच अडचण येते. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे झोपत नाही. संत्र्याला पाण्याचा ताण देऊन आंबिया किंवा मृग बहार धरतात, तसं द्राक्षाला छाटणीने वळण द्यावं लागतं : एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि तोडा साधारण जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत. म्हणजे फळ पिकतं ते ऊन वाढत असताना. उन्हाने साखर झपाट्याने चढते, पण साल आणि बी मागे राहतात. घाईने तोडलं तर वाईन हिरवट आणि तुरट, थांबलं तर मणी सुकून मनुक्यासारखी. भारतीय शिराझ दरवर्षी सारखी लागत नाही ती बरीचशी यामुळे.

राज्याचं द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण 2001 चं. त्यातल्या उत्पादन शुल्काच्या सवलतीमुळे महाराष्ट्रातल्या द्राक्षाची वाईन इथे परवडते. आयात बाटलीवर मात्र 150 टक्के सीमाशुल्क. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला. त्यात 5 डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं शुल्क 100 टक्क्यांवर आणि 15 डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं 75 टक्क्यांवर आलं. ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने 50 आणि 25 पर्यंत उतरायचं आहे. थोडक्यात, मध्यम दर्जाची ऑस्ट्रेलियन शिराझ हळूहळू आवाक्यात येईल. फ्रेंच घ्यायचीच तर एर्मिताजच्या नादी न लागता तिच्या पायथ्याभोवतीची क्रोझ-एर्मिताज बघावी. द्राक्ष तेच, क्षेत्र कितीतरी मोठं, म्हणून भाव कमी.

जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता, तो विरोधानंतर बारगळला. गावाकडे उरलं तेच वाईन शॉप. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, तिथे तेही नाही. बाहेरून नेलेली बाटली सापडली तर गुन्हा दाखल होतो. चंद्रपुरात 2015 ते 2021 अशी बंदी होती.

विदर्भात वाईनचं मोल ठरतं ते मात्र ऊन किती लागलं यावर. वाईन ठेवायला 12 ते 15 अंश हवेत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर 45-46 आणि टिनाच्या छपराखालच्या दुकानात रात्रीही 35च्या वर. तापमान 10 अंशांनी चढलं की वाईन म्हातारी होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय द्रव फुगून बूच वर ढकलतो, रात्री आकसून हवा आत ओढतो. अशी बाटली उघडली की ताज्या फळाऐवजी शिजलेल्या मनुकांचा वास येतो आणि रंगाची कड विटकरी दिसते.

म्हणून भावाआधी महिना बघायचा. मागच्या लेबलवर बाटली भरल्याचा महिना-वर्ष असतं. 31 डिसेंबरच्या तोंडावर दुकानदार ताजा माल आणतात. दिवाळी ते संक्रांत हा घेण्याचा काळ. फळीवरची न घेता खोक्यातली मागावी. बूच काठाच्या वर आलेलं, कॅपखाली चिकट ओघळ, मानेतली पातळी उतरलेली, यातलं एकही दिसलं तर ठेवून द्यावी. फिरकीच्या झाकणाची बाटली हवा आत येऊ देत नाही, पण उष्णतेपुढे तीही हतबल, आणि बाहेरून खूण काहीच दिसत नाही. जूनमध्ये 'स्कीम'मध्ये मिळणारी गेल्या वर्षीची शिराझ बहुतेक उन्हाळा काढून आलेली असते. ती स्वस्त नाही, वाया गेलेली आहे.

घरी आणल्यावर मार्च ते जून ती फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यातच आडवी ठेवावी. कूलरच्या खोलीवर भिस्त नको : मे महिन्यात कूलर 28 पर्यंत उतरवतो, पाऊस पडला की तेही नाही. 'रूम टेंपरेचरला प्या' हा सल्ला 17-18 अंशांच्या खोल्यांचा आहे. आपल्या 38 अंशांत अल्कोहोल नाकात चढतो आणि बाकी सगळं झाकतं. बाहेर तापलेली बाटली फ्रीजमध्ये दोनेक तास, नाहीतर निम्मं बर्फ-निम्मं पाणी घातलेल्या बादलीत 15 मिनिटं ठेवावी.

शिराझला एक खोड आहे : बनताना तिला हवा कमी मिळाली तर उघडल्यावर उकडलेल्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास येतो. बाटली खराब नसते. काचेच्या जगात ओतून अर्धा तास ठेवली की वास उडतो. जग नसला तर स्टीलचं भांडं चालेल. तांब्या-पितळेचं नको, वाईनच्या आंबटपणाने धातू उतरतो.

सावजी रश्शाबरोबर ही घ्यावी का, हा वादाचा मुद्दा. मसाल्यातले मिरे आणि वाईनमधले मिरे जुळतात हे खरं. पण तिखटाने अल्कोहोल अधिक जाळतो आणि तुरटपणा कडवट होतो, म्हणून 14.5 टक्क्यांची दणकट शिराझ तिथे हरते. 13च्या आसपासची, ओकच्या पिंपात न मुरवलेली, 15 अंशांपर्यंत गार केलेली असेल तर निभावते. तिची खरी जोडी भाजलेल्याशी : हुरड्याच्या आगटीवर भाजलेलं वांगं, वर तेल-मीठ, आणि तिखट बेताने. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. चौथ्या दिवशी ती मटणाला लावावी.